साम्राज्याच्या भागीदाराचा जमाखर्च

मराठी माणसाच्या तोंडी 'इंग्रज' हा शब्द इतका रुळला आहे, की त्या एका शब्दाखाली आपण किती निरनिराळी माणसे एकत्र बांधली आहेत, याचा विचारही सहसा आपल्या मनात येत नाही. १८१७ साली खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यात रेसिडेंट असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हा इंग्रज नव्हे, स्कॉटिश होता. त्याच्यानंतर त्याच पदावर आलेला जॉन माल्कम हाही स्कॉटिश. साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बँफ गावचा. सातारा, झाशी आणि नागपूर ही राज्ये खालसा करणारा लॉर्ड डलहौसी एडिंबराजवळच्या डलहौसी गढीत जन्मला. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने उभे आहे ते डॉ. जॉन विल्सन स्कॉटिश मिशनरी. आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या तोफखान्यावर ज्या दोन गोऱ्या पलटणी चालून गेल्या, त्या ७४ वी आणि ७८ वी अशा दोन्ही हायलँडर पलटणी होत्या. त्यांतील ७४ वी त्या दिवशी जवळजवळ कापली गेली. त्या पराक्रमाची खूण म्हणून 'असई' हे नाव आणि हत्तीचे चिन्ह या पलटणींनी पुढे पिढ्यान् पिढ्या मिरवले.

हे सर्व आठवण्याचे कारण असे, की स्कॉटलंडविषयी आपल्याकडे एक सोपी सहानुभूती आढळते. १९९५ साली आलेला 'ब्रेव्हहार्ट' चित्रपट पाहून किंवा २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या बातम्या वाचून अनेकांचे मत असे झाले, की स्कॉटिश लोक म्हणजे आपल्यासारखेच इंग्रजांच्या टाचेखाली दडपलेले एक राष्ट्र. या मतात सत्याचा अंश आहे. परंतु तो अंशच आहे. स्कॉटलंड हा साम्राज्याचा बळी होता आणि साम्राज्याचा भागीदारही होता. आजचा स्कॉटिश समाज घडला तो या दुहेरी भूमिकेतून. उद्योग, साम्राज्य आणि युद्ध ही त्याच्या घडणीची तीन स्वतंत्र कारणे मानली जातात. वास्तविक ती एकाच यंत्राची तीन चाके होती. ते यंत्र कसे जोडले गेले, त्याने काय दिले, काय नेले आणि ते थांबल्यावर मागे काय उरले, हे पाहणे कोणत्याही विचारी समाजाला उपयुक्त ठरेल.

राज्य गेले, समाज राहिला

सतराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंड हे एक गरीब पण स्वाभिमानी राज्य होते. राजा इंग्लंडशी सामाईक होता. संसद मात्र स्वतःची होती. इंग्लंडप्रमाणे आपलीही वसाहत असावी, या ईर्ष्येने १६९८ मध्ये पनामाच्या संयोगभूमीवर दारियन येथे वसाहत वसवण्याचा घाट घातला गेला. सरदारांपासून दुकानदारांपर्यंत अनेकांनी आपली पुंजी त्यात ओतली. रोगराई, उपासमार, स्पॅनिशांचा विरोध आणि इंग्रजांचा असहकार यांमुळे दोन वर्षांत ती वसाहत नामशेष झाली. सुमारे दोन हजार माणसे दगावली आणि देशाच्या भांडवलाचा मोठा भाग बुडाला. कर्जबाजारी झालेल्या उमराव वर्गाने १७०७ साली इंग्लंडशी संयोग पत्करला. एडिंबराची संसद विसर्जित झाली. नुकसानभरपाई म्हणून सुमारे ३ लाख ९८ हजार पौंड स्कॉटलंडला मिळाले. त्यातील काही भाग दारियनच्या भागधारकांच्या हाती पडला. सामान्य जनतेने या व्यवहाराविरुद्ध रस्त्यांवर दंगे केले. पण त्यांना विचारतो कोण!

साम्राज्य उभारण्याच्या स्वतःच्या प्रयत्नात अपयश आले म्हणून स्कॉटलंड दुसऱ्याच्या साम्राज्यात सामील झाला, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. त्याचबरोबर दुसरीही एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. संयोगाच्या करारात स्कॉटलंडने संसद दिली. परंतु आपला कायदा, आपली न्यायालये, आपला प्रेस्बिटेरियन धर्मसंघ आणि आपली विद्यापीठे दिली नाहीत. १६९६ च्या कायद्याने गावोगावी शाळा असाव्यात असा दंडक घालून दिलेला होता. राज्य लंडनला गेले, तरी मुलाचे नाव ठेवण्यापासून त्याला अक्षरओळख करून देण्यापर्यंत आणि वारसाचा तंटा सोडवण्यापासून गरिबाला शिधा देण्यापर्यंतचे दैनंदिन जीवन स्कॉटिश संस्थांच्याच हाती राहिले. राज्यावाचूनही राष्ट्र तीनशे वर्षे कसे टिकले, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

परंतु याच शाळांनी एक वेगळीच परिस्थिती निर्माण केली. शिकलेली, महत्त्वाकांक्षी पण जमीन वा भांडवल नसलेली तरुण मुले मोठ्या संख्येने तयार झाली. त्यांना पोसण्याइतकी संधी देशात नव्हती. कंपनी सरकारच्या भारतात होती. १७८० नंतरच्या काळात हेन्री डंडास हा स्कॉटिश मुत्सद्दी भारताच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा सर्वांत प्रभावी सदस्य आणि पुढे अध्यक्ष झाला. कंपनीतील नेमणुका हे त्याचे राजकीय चलन होते. लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक स्कॉटिश डॉक्टर, लष्करी अधिकारी, सर्वेक्षक आणि व्यापारी या काळात भारतात आले. एडिंबराला संसद राहिली नव्हती. पण कोलकाता, मद्रास आणि मुंबई येथील कचेऱ्या स्कॉटिश मध्यमवर्गासाठी खुल्या झाल्या होत्या.

पराभूतांच्या हाती बंदूक

स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ मुलूख म्हणजे हायलँड. तेथील समाज कुळ्यांचा, भाषा गेलिक. कुळीचा नायक हा पित्याच्या ठिकाणी मानलेला. जमीन कुळीची अशी लोकभावना. स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने या लोकांतील अनेकांनी १७४५ साली उठाव केला आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलॉडनच्या माळावर तो अवघ्या तासाभरात चिरडला गेला. त्यानंतर शस्त्रे काढून घेण्यात आली. पारंपरिक वेष धारण करण्यास कायद्याने बंदी घालण्यात आली. ती १७८२ पर्यंत राहिली.

या बंदीला अपवाद एकच होता : ब्रिटिश सैन्य. हायलँडरला आपला किल्ट उजळ माथ्याने घालायचा असेल, तर त्याने राजाच्या पलटणीत भरती व्हायचे. कालचा बंडखोर उद्याचा उत्तम शिपाई ठरेल, हे लंडनच्या राज्यकर्त्यांनी ओळखले. अमेरिका, कॅनडा, म्हैसूर, असई, वॉटर्लू अशा सर्व रणांगणांवर हे लोक दिसू लागले. पराभूत समाजाने आपली अस्मिता शाबूत राखली. परंतु ती विजेत्याच्या गणवेषात. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट याने समारंभाची आखणी केली आणि खुद्द राजालाच किल्ट नेसवला. पाऊणशे वर्षांपूर्वी ज्या वेषावर बंदी होती, तो आता दरबारी शोभेचा झाला.

आणि नेमक्या याच काळात तो वेष ज्यांचा, ती माणसे आपल्या खोऱ्यांतून हाकलली जात होती. मेंढ्यांची लोकर शेतकऱ्याच्या खंडापेक्षा अधिक उत्पन्न देते, असे दिसल्यावर जमीनदारांनी गावेच्या गावे उठवली. सदरलंडच्या सरदार घराण्याच्या जहागिरीत १८१४ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातील घरांची छपरे जाळण्यात आली. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला. येथे इंग्रज कुठे होता? जमीनदार बहुतेक त्याच भूमीतले, अनेकदा कुळीचे जुने नायकच. लंडनच्या थाटामाटात राहण्यासाठी त्यांना पैसा हवा होता. पित्याने मुलांना घराबाहेर काढावे तसा हा प्रकार होता, आणि म्हणूनच गेलिक लोकस्मृतीत त्याची जखम अद्याप ओली आहे.

या अन्यायाला आळा बसायला १८८६ साल उजाडावे लागले. स्काय बेटावरील ब्रेजच्या शेतकऱ्यांनी १८८२ मध्ये पोलिसांना दगडांनी पिटाळले, तेव्हा सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपिअर हे पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ मध्ये लॉर्ड मेयोच्या हत्येनंतर काही काळ त्यांनी व्हाइसरॉयचे कामही पाहिले होते. त्यांच्या अहवालानंतर झालेल्या कायद्याने छोट्या शेतकऱ्याला कसत्या जमिनीवर कायमचा, वारसाने चालणारा हक्क आणि रास्त खंडाची हमी मिळाली. परंतु तोवर लाखो लोक कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ग्लासगोच्या गल्ल्यांकडे निघून गेले होते. तेथे जाऊन त्यांनी काय केले? कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात त्यांनी ज्या जमिनी नांगरल्या, त्यांवरून आधी दुसऱ्याच कोणाला तरी उठवण्यात आलेले होते. इतिहासाची ही क्रूर साखळी आहे.

तंबाखू, वाफ आणि पोलाद

दक्षिणेकडील सखल प्रदेशाची कथा वेगळी. ग्लासगोच्या व्यापाऱ्यांना संयोगामुळे अमेरिकन वसाहतींची बाजारपेठ खुली झाली. अठराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात ब्रिटनमध्ये येणाऱ्या तंबाखूपैकी जवळपास निम्मा क्लाइड नदीमार्गे येत होता. तो पिकवणारे हात गुलामांचे होते. ग्लासगोतील ब्युकॅनन, ग्लासफर्ड, इंग्रॅम हे रस्ते त्या तंबाखूसम्राटांच्या नावांनी आजही ओळखले जातात. शहरातील आधुनिक कलेचे संग्रहालय ज्या प्रासादात आहे, तो विल्यम कनिंगहॅम या अशाच व्यापाऱ्याचा वाडा. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर हा पैसा वेस्ट इंडीजची साखर, कापूस आणि गिरण्या यांकडे वळला.

स्कॉटिश बुद्धिमत्तेचे श्रेय यामुळे कमी होत नाही. ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉटला १७६५ मध्ये बाष्पयंत्रासाठी स्वतंत्र संघनकाची कल्पना सुचली. त्याच विद्यापीठात शिकवलेल्या ॲडम स्मिथचा ग्रंथ १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८२८ मध्ये जेम्स नीलसन याने भट्टीत गरम हवा फुंकण्याची पद्धत शोधली आणि लोखंड गाळण्यास लागणारा कोळसा कितीतरी कमी झाला. लॅनार्कशायरचा कोळसा, लोखंड आणि क्लाइडचे पाणी यांतून जगातील एक प्रचंड उद्योगकेंद्र उभे राहिले. १९१३ साली जगात पाण्यात उतरलेल्या जहाजांच्या एकूण टनभारापैकी जवळपास पाचवा हिस्सा एकट्या क्लाइडचा होता. ग्लासगोच्या स्प्रिंगबर्न भागातील नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीची इंजिने भारतातील रेल्वेमार्गांवर धावत होती.

पण ही बाजारपेठ कोणाच्या इच्छेने मिळाली होती? भारतातील रेल्वे कोठून इंजिने विकत घेणार, हे भारतीय ठरवत नव्हते. नौदलाच्या युद्धनौका आणि वसाहतींना जोडणारी जहाजे हेच क्लाइडचे मोठे गिऱ्हाईक. कारखान्याच्या धुराड्यामागे साम्राज्याचा नकाशा उभा होता आणि त्या नकाशाच्या मागे पलटणी.

या वैभवात सामान्य माणसाला काय मिळाले? १८०१ साली सुमारे ७७ हजार वस्तीचे ग्लासगो शंभर वर्षांत साडेसात लाखांच्या पुढे गेले. हायलँडमधून उठलेले, आयर्लंडच्या दुष्काळातून जीव वाचवून आलेले, असे सारे एकाच चाळीत कोंबले गेले. १९११ साली स्कॉटलंडची जवळपास निम्मी लोकसंख्या एका किंवा दोन खोल्यांच्या घरात राहत होती. इंग्लंडमध्ये हे प्रमाण दहाव्या हिश्श्याहूनही कमी होते. गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जगाला जहाजे पुरवणाऱ्या देशाने आपल्या कामगाराला नीट छप्पर दिले नाही. १८२५ ते १९३८ या काळात तेवीस लाखांहून अधिक स्कॉटिश लोक समुद्रापार निघून गेले. श्रीमंत होत चाललेल्या देशातून माणसे पळतात, तेव्हा ती श्रीमंती कोठे तरी अडली आहे असे समजावे.

डंडीचा ताग, बंगालचा ताग

उद्योग, साम्राज्य आणि युद्ध यांची गाठ सर्वांत स्पष्ट दिसते ती डंडी या पूर्व किनाऱ्यावरील गावात. डंडी मूळचे जवसाच्या धाग्याचे कापड विणणारे आणि देवमाशांची शिकार करणारे बंदर. बंगालचा ताग राठ, यंत्रावर चढेना. देवमाशाच्या तेलाने तो मऊ करून यंत्रावर कातता येतो, हे १८३० च्या दशकात येथे साधले आणि एका गावाचे नशीब पालटले. क्रिमियन युद्धाने रशियाचा जवस बंद केला, अमेरिकेच्या यादवी युद्धाने तंबू आणि पोत्यांची मागणी वाढवली. प्रत्येक युद्ध डंडीला पावले. लॉकी भागातील कॉक्स बंधूंच्या एकाच कारखान्यात सुमारे ५ हजार कामगार होते.

या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. पुरुष घरी, बाई गिरणीत, अशी उलटी रीत तेथे पडली. घरी बसलेल्या नवऱ्यांना 'किटली उकळणारे' असे टोपणनावच पडले. मालकांनी नफ्याचा पैसा गावात किती घातला? १८७३ मध्ये रॉबर्ट फ्लेमिंग याने डंडीतच एक गुंतवणूक संस्था काढली आणि तागाचा पैसा अमेरिकेच्या रेल्वेत गुंतू लागला.

पुढे जे झाले ते अटळ होते. १८५५ साली कोलकात्याजवळ रिश्रा येथे पहिली तागाची गिरणी निघाली. तिच्यामागून निघालेल्या गिरण्यांत यंत्रे डंडीची, व्यवस्थापक आणि मिस्त्रीही बरेचसे डंडीचे. विसाव्या शतकाच्या आरंभी हुगळीकाठच्या गिरण्यांनी डंडीला मागे टाकले होते. डंडीच्या मजुराने बंगाली मालावर संरक्षक जकात मागितली, तेव्हा लंडनने ती नाकारली. बंगाली शेतकरी, हुगळीचा मजूर आणि डंडीची गिरणी-बाई हे तिघेही एकाच भांडवलाच्या ताजव्यात एकमेकांविरुद्ध तोलले गेले. त्यांपैकी कोणाचेही भले झाले नाही.

याच डंडीने आपल्याला एक मोलाचा माणूसही दिला. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. भारतीय नगरांची जुनी रचना पाडून टाकण्याऐवजी ती समजून घ्या, असे सांगणारा हा नियोजक. जगदीशचंद्र बसूंचे चरित्र त्यांनी लिहिले. धुराड्यांनी गुदमरलेली गावे पाहिल्यामुळेच नगर हे जिवंत शरीर आहे, ही दृष्टी त्यांना लाभली असावी. भागीदारीच्या वहीत अशा जमेच्या नोंदीही आहेत, आणि त्या खोडणे अप्रामाणिकपणाचे होईल.

लूसची सकाळ, आयोलेअरची रात्र

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा स्कॉटिश तरुण झुंडीने भरती झाले. एडिंबराच्या हार्ट्स या अग्रगण्य फुटबॉल संघातील खेळाडूंनी एकत्र नाव नोंदवले. डंडीच्या गिरण्या खंदकांसाठी कोट्यवधी वाळूच्या पोत्यांचे कापड विणू लागल्या आणि डंडीचे पुरुष ब्लॅक वॉच पलटणीच्या चौथ्या बटालियनमध्ये दाखल झाले. २५ सप्टेंबर १९१५ च्या लूसच्या लढाईत ही बटालियन कोणाबरोबर लढली? भारतीय सैन्याच्या मीरत डिव्हिजनमध्ये, बरेली ब्रिगेडमध्ये, पंजाबी आणि गुरखा सैनिकांच्या शेजारी. त्या एका सकाळी बटालियनचे निम्म्याहून अधिक लोक मृत वा जखमी झाले. डंडीच्या टेकडीवरील स्मारकात आजही दरवर्षी २५ सप्टेंबरला दीप उजळतो. त्या सकाळी पडलेल्या भारतीय जवानांचे स्मरण किती जण करतात, हा प्रश्न मात्र आपण स्वतःलाही विचारला पाहिजे.

याच युद्धकाळात ग्लासगोच्या घरमालकांनी भाडी वाढवली. नवरे आघाडीवर, बायका दारूगोळ्याच्या कारखान्यात, आणि दारात भाडेवसुलीचा कारकून! गोव्हन भागातील मेरी बार्बर आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी भाडेबंदी पुकारली. सुमारे २० हजार कुटुंबे तीत उतरली. १९१५ संपण्याआधी सरकारला सर्व ब्रिटनभर भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. (तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबईतही युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा आला.) स्कॉटिश राजकारणाचा डावा कल येथे रुजला. १९२२ च्या निवडणुकीत ग्लासगोच्या १५ जागांपैकी १० मजूर पक्षाने जिंकल्या.

युद्धाने घेतलेल्या बळींत एक प्रसंग असा आहे, की तो आठवल्यावर शब्द थांबतात. पश्चिमेच्या लुईस बेटावरून सुमारे सहा हजार पुरुष युद्धावर गेले होते. त्यांतील सुमारे एक हजार परतले नाहीत. उरलेल्यांपैकी काही खलाशी नववर्षाला घरी पोहोचण्यासाठी 'आयोलेअर' या नौकेवर चढले. १ जानेवारी १९१९ च्या पहाटेपूर्वी, स्टॉर्नोवे बंदराचे दिवे दिसत असताना, ती खडकांवर आदळली. सुमारे २८० जणांपैकी २०० च्या आसपास बुडाले. जॉन मॅक्लाउड या खलाशाने दोर घेऊन किनारा गाठला, म्हणून सुमारे ४० जण तरी वाचले. चार वर्षे तोफांतून सुटलेली मुले घराच्या उंबरठ्यावर गेली. कित्येक वर्षे बेटावरील लोक या रात्रीविषयी बोलतही नसत. एप्रिल १९२३ मध्ये त्याच स्टॉर्नोवेहून 'मेटागामा' जहाज सुमारे ३०० माणसे, बहुतेक तरुण, घेऊन कॅनडाला निघाले. युद्धाने जे ठेवले ते स्थलांतराने नेले. १९३१ च्या जनगणनेत स्कॉटलंडची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा सुमारे ४० हजारांनी घटलेली आढळली.

यंत्र थांबते

दुसऱ्या महायुद्धाने क्लाइडला पुन्हा काम दिले आणि बाँबही दिले. मार्च १९४१ मधील दोन रात्रींत क्लाइडबँकमधील ५२८ माणसे मेली. सुमारे बारा हजार घरांपैकी न फुटलेली बोटांवर मोजण्याइतकीच उरली. त्यानंतर भारत स्वतंत्र झाला, इतर वसाहती मोकळ्या झाल्या आणि हक्काचे गिऱ्हाईक गेले. नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह १९६२ मध्ये बंद झाली. रेव्हन्सक्रेगचा पोलाद कारखाना १९९२ मध्ये, डंडीची शेवटची तागगिरणी त्याच दशकाच्या अखेरीस आणि ग्रेंजमाउथचा तेलशुद्धीकरण प्रकल्प २०२५ मध्ये बंद झाला. ऐतिहासिक पलटणी २००६ मध्ये एकाच रेजिमेंटमध्ये विलीन झाल्या. क्लाइडच्या मुखाशी आता जहाजांच्या ताफ्याऐवजी फॅस्लेनचा अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ आहे.

राजकारणही बदलले. संयोगवादी हुजूर पक्षाला १९५५ साली स्कॉटलंडमध्ये निम्म्याहून अधिक मते मिळाली होती. १९९७ मध्ये एकही जागा मिळाली नाही. साम्राज्य गेले म्हणून संयोग सैल झाला, असे सरधोपट विधान करणे योग्य नाही. मध्ये चार दशके आहेत, उत्तर समुद्रातील तेल आहे, कल्याणकारी राज्य आहे आणि थॅचर यांच्या काळातील बंद कारखाने आहेत. परंतु भागीदारीतला नफा आटला की भागीदार जुना करार पुन्हा वाचू लागतो, हे व्यवहारातले सत्य येथेही दिसते. १९९७ च्या सार्वमतात ७४ टक्के मते स्वतःच्या संसदेला मिळाली. १९९९ मध्ये एडिंबरात ती भरली. २०१४ मध्ये ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी स्कॉटलंडने ब्रिटनमध्ये राहणे पसंत केले. २०१६ मध्ये युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने तेथे ६२ टक्के मते पडली, तरी ब्रिटनबरोबर बाहेर पडावे लागले. आणि प्रश्न पुन्हा उघडा पडला.

या पडझडीत समाज पूर्ण कोसळला नाही, हे मान्य करावे लागेल. डंडी आज संगणकीय खेळांच्या निर्मितीसाठी आणि २०१८ मध्ये उघडलेल्या आपल्या संग्रहालयासाठी ओळखली जाते. एग बेटाच्या रहिवाशांनी १९९७ मध्ये आपले बेटच जमीनदाराकडून विकत घेतले. गेलिक भाषेला २०२५ च्या कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला. मात्र ज्या धर्मसंघाने तीनशे वर्षे राष्ट्राचा कणा सांभाळला, त्याची बाके रिकामी झाली आहेत. २०२२ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांनी आपला कोणताही धर्म नाही असे नोंदवले. संसद परत आली तेव्हा तिला जपणारी जुनी संस्था क्षीण झाली होती. या रिकाम्या जागी काय येणार, हा स्कॉटलंडपुढचा खरा प्रश्न आहे. सार्वमताचा आकडा हा त्याचा केवळ एक भाग.

अर्ध्या वहीवर ताळेबंद होत नाही

३१ मार्च २०२२ रोजी ग्लासगो नगरपालिकेने गुलामांच्या व्यापारातील आपल्या वाट्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्याआधी ग्लासगो विद्यापीठाने गुलामगिरीच्या पैशातून आपल्याला झालेल्या लाभाचा अहवाल स्वतःच २०१८ मध्ये प्रसिद्ध केला होता. यात देखावा किती आणि पश्चात्ताप किती, याची चर्चा करता येईल. तरीही आपल्या वैभवाच्या पायाचे दगड कोठून आले, हे आपल्याच तोंडाने सांगणे सोपे नसते. कलॉडनचे दुःख सांगणारा स्कॉटलंड असईविषयी आणि जमैकाविषयीही बोलू लागला, तर त्याच्या स्वातंत्र्याच्या मागणीचे वजन वाढेल. केवळ अत्याचारांची यादी घेऊन उभे राहणारे राष्ट्र सहानुभूती मिळवते. पण स्वतःचा हिशेब पूर्ण मांडणारे राष्ट्र विश्वास मिळवते.

आपल्यासाठीही यात विचार करण्यासारखे आहे. ग्रँट डफने आपला इतिहास लिहिला आणि नीळकंठराव कीर्तने यांच्यासारख्या तरुण विद्यार्थ्याने १८६० च्या दशकात त्यातील दोष दाखवले; तेथून आपली इतिहासाकडे पाहण्याची स्वतंत्र दृष्टी सुरू झाली. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांचा इतिहास आपण तितक्याच बारकाईने वाचला आहे काय? 'इंग्रज' या एका शब्दाने सर्वांची गणना करून आपण मोकळे झालो. त्या शब्दाच्या आत जळालेली छपरे होती, एका खोलीत जगणारी कुटुंबे होती, दुसऱ्यासाठी मरायला निघालेली पलटण होती आणि त्याच पलटणीच्या संगिनीपुढे आपले पूर्वजही होते. हे समजून घेतल्याने आपल्या पूर्वजांवर झालेला अन्याय तिळमात्र कमी होत नाही. मात्र दुसऱ्याच्या सामर्थ्यात भागीदार होऊन मिळालेली समृद्धी किती महाग पडते, आणि राज्य गेले तरी शाळा, न्याय व गावचे संघटित जीवन टिकवणारा समाज कसा उभा राहतो, हे दोन्ही धडे एकाच देशाच्या इतिहासात वाचायला मिळतात. त्यांतला एकच घेऊन दुसरा सोडणे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही.